परसातल्या तळ्यात तरंगतं कारंजं: कसं निवडावं, कसं सांभाळावं

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ते मासुंदा, कचराळी, उपवन, आंबे घोसाळे अशा मोठ्या तलावांमुळे. पण आता येऊरच्या पायथ्याचे बंगले, घोडबंदर रस्त्याच्या आतली जुनी घरं, ऐरोली-नेरूळची रो-हाऊस, बेलापूरचं चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज अशा ठिकाणी मागच्या अंगणातही छोटी तळी दिसतात. दोन-चार कमळं लावली जातात, थोडे मासे सोडले जातात आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, मधोमध एक कारंजं हवं. तिथून पुढे काय करायचं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

दुकानात तुम्हाला फवाऱ्याची उंची दाखवतील, रंगीत दिवे दाखवतील. तुम्ही मात्र निवड करताना डोळ्यासमोर पहाटे चारची वेळ ठेवा. त्या वेळी तळ्यातल्या माशांना श्वास घ्यायला पुरेसं देईल ते कारंजं चांगलं. बाकी सगळं त्यानंतर.

पहाटेच का?

पाण्यातली झाडं आणि शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री तेच प्राणवायू वापरतात, मासेही वापरतात, तळाशी कुजणारी पानंही वापरतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. त्यात आपलं हवामान. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. एप्रिल-मेमध्ये छोट्या, उथळ तळ्याचं पाणी रात्रीही फारसं गार होत नाही. म्हणजे साठा आधीच कमी आणि मागणी जास्त.

हे बघायचं असेल तर एखाद्या दिवशी उजाडायच्या आत तळ्याकाठी जा. दिवे लावू नका, मोबाइलचा मंद उजेड पुरे. मासे पृष्ठभागाला तोंड लावून वरच्या वर पाणी-हवा ओढताना दिसले, आणि ऊन चढल्यावर तेच मासे खाली जाऊन नेहमीसारखे फिरू लागले, तर प्राणवायू कमी पडतो आहे हे नक्की. मासे भुकेने वर येतात असं बरेच जण समजतात आणि खाणं वाढवतात. उरलेलं खाणं तळाशी कुजतं आणि प्राणवायू आणखी घटतो.

कारंज्यातलं पाणी थेंबांनी हवेतून येतं, पृष्ठभाग ढवळतं आणि प्राणवायू सोबत घेऊन खाली जातं. त्याचं खरं काम हेच. शोभा आणि आवाज हा वरचा लाभ, आणि तोही छान आहे, नाही म्हणत नाही.

आधी टेप, मग दुकान

तळ्याची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा. तिन्हींचा गुणाकार करून त्याला २८ने गुणा, आले लिटर. १० फूट लांब, ७ फूट रुंद, २ फूट खोल तळं म्हणजे ३,९२० लिटर, धरून चला ४,०००. तळं गोल असेल तर व्यासाला व्यासाने गुणा, मग ०.७८ने, मग खोलीने, मग २८ने. वेड्यावाकड्या आकाराचं असेल तर दोन-तीन जागी रुंदी मोजून सरासरी काढा. इथे दहा-पंधरा टक्के चूक झाली तरी चालते.

मग कारंजं जिथे तरंगणार तिथून सगळ्यात जवळच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. हा आकडा लिटरइतकाच महत्त्वाचा आहे. फवाऱ्याची उंची या अंतरापेक्षा जास्त नको, आणि वारा लागणारी जागा असेल तर निम्मीच धरा. ७ फूट रुंद तळ्याच्या मधोमध कारंजं म्हणजे काठ साडेतीन फुटांवर, म्हणजे फवारा पावणेदोन-दोन फुटांचा. ऐकायला कमी वाटतं. पण ठाणे-नवी मुंबईत उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेकडून जो वारा सुटतो, त्यात चार फुटांचा फवारा अर्धा बाहेर फरशीवर पडतो. संध्याकाळपर्यंत तळ्याची पातळी उतरलेली, फरशी शेवाळून निसरडी झालेली आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल आलेली. रो-हाऊसमध्ये भिंत सामायिक असते, हे विसरू नका.

खोलीही बघा. तरंगत्या कारंज्याचा पंप पाण्याखाली लोंबत असतो. पंपाच्या तोंडाखाली किमान वीतभर पाणी मोकळं हवं, नाहीतर तो तळाचा गाळ ओढत राहतो. एक-सव्वा फुटापेक्षा उथळ कुंडात सौर खेळण्यापलीकडे काही टाकू नये. उलट तळं पाच-सहा फूट खोल असेल तर तरंगतं कारंजं वरचंच पाणी फिरवतं, तळ तसाच राहतो. तिथे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा एअर पंप जोडीला लागतो.

शेवटी, तळ्यावर ऊन किती तास असतं ते एक दिवस बघून लिहून ठेवा. पुढच्या निर्णयाला ते लागणार आहे.

सौर की विजेवरचं

छोटी सौर कारंजी आता सगळीकडे मिळतात, काही शे रुपयांपासून. वायर नाही, इलेक्ट्रिशियन नाही, पाण्यात सोडलं की सुरू. कमळाच्या कुंडात, बाल्कनीतल्या घंगाळात ती गोड दिसतात आणि तिथे जरूर वापरा. पण मासे असलेल्या तळ्याला त्यांचा आधार धरू नका. बॅटरी नसलेलं सौर कारंजं सूर्य मावळला की थांबतं, म्हणजे नेमकं ज्या वेळी त्याची गरज सुरू होते तेव्हा. दिवसाही पॅनलवर एखादं पान पडलं, कावळ्याने घाण केली, शेजारच्या इमारतीची सावली आली, तरी धार लगेच बसते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे ते आठवडेच्या आठवडे धड चालत नाही. बॅटरीवालं घेतलं तरी ती काही तासच पुरते, पहाटेपर्यंत नाही. ती संध्याकाळीच संपणार असेल तर उपयोग काय?

सौरच हवं असेल तर पॅनल वेगळं असलेला संच घ्या. पॅनल गच्चीवर किंवा भिंतीवर दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंशांच्या उतारावर बसवा. ठाण्याचा अक्षांश १९ अंशांच्या जरा वर आहे, म्हणून हा उतार. बॅटरी मोठी घ्या आणि टायमर पहाटेचा लावा.

नाहीतर सरळ विजेवरचा पंप. खर्चाची भीती बाळगू नका, हिशेब सोपा आहे. ४० वॉटचा पंप रोज १२ तास चालला तर ४८० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटच्याही आत. महिन्याला चौदा-साडेचौदा युनिटं. तुमच्या बिलावरचा दर घेऊन गुणून बघा.

यातही दोन प्रकार आहेत. २३० व्होल्टचा पंप थेट सॉकेटवर चालतो. १२ किंवा २४ व्होल्टच्या पंपाचा अडॅप्टर घरात कोरड्या जागी राहतो आणि पाण्यात फक्त कमी दाबाची वीज जाते. घरात लहान मुलं असतील, तळ्यात हात घालायची सवय असेल, तर मी कमी व्होल्टचाच घ्या म्हणेन. त्याची एकच अडचण: वायर लांब आणि बारीक असली की वाटेत व्होल्टेज घटतं आणि धार कमजोर होते. सॉकेट तळ्यापासून तीस-चाळीस फुटांवर असेल तर २४ व्होल्टचा आणि जाड वायरीचा बघा.

पंपाच्या डब्यावरचे आकडे

डब्यावर दोन आकडे ठळक असतात. एक, ताशी लिटर, म्हणजे एलपीएच. दुसरा एच-मॅक्स, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच ढकलू शकतो. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. छापलेले ताशी लिटर शून्य उंचीवरचे असतात, आणि एच-मॅक्सच्या उंचीवर पाणी थेंबभरही बाहेर पडत नाही. नोझलची, म्हणजे फवाऱ्याच्या तोंडाची, छिद्रं बारीक असली की प्रवाह आणखी घटतो.

म्हणून सगळं पाणी एक ते दोन तासांत एकदा फिरावं एवढा पंप घ्या. ४,००० लिटरच्या तळ्याला २,००० ते ४,००० ताशी लिटर, आणि दोन फुटांच्या फवाऱ्यासाठी एच-मॅक्स सहा-सात फुटांचा, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. याहून मोठा पंप घेऊन नळीवरची चकती आवळत बसण्यात अर्थ नाही. वीज वाया जाते आणि छोट्या तळ्यात मासे सतत प्रवाहाशी झुंजत राहतात.

घरी आणल्यावर खात्री करून घ्या. पंप नोझल न लावता पाण्याने भरलेल्या टबात ठेवा, नळीचं टोक १० लिटरच्या बादलीत धरा आणि बादली भरायला लागणारे सेकंद मोजा. ३६,००० भागिले सेकंद म्हणजे ताशी लिटर. १८ सेकंदांत भरली तर २,०००. हा आकडा पंपाच्या डब्यावर तारखेसह लिहून ठेवा. पुढे धार कमी झाली असं वाटलं तर वाटण्यावर जायला नको, बादली लावून बघता येतं.

पंप चुंबकावर फिरणाऱ्या इम्पेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्राचा असावा, तेल भरलेल्या मोटरचा नको. तेलाचा पंप फुटला तर तेल पाण्यात पसरतं आणि मासे जातात. पाण्यात कायम बुडून राहण्यासाठीची आयपी६८ ही खूण बघा. आणि वायरीची लांबी विचारा. मत्स्यालयाच्या दुकानातले बरेच पंप जेमतेम पाच फूट वायरीचे असतात. वायर जोडून पाण्यात सोडायची नाही, टेप गुंडाळूनही नाही, कुणी कितीही सांगितलं तरी नाही. लांब वायरीचाच पंप घ्या. क्रॉफर्ड मार्केटमध्ये मत्स्यालयाच्या दुकानांत आणि लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या दुकानांत प्रत्यक्ष बघून निवड करता येते. दुकानदाराला एकच प्रश्न नक्की विचारा: सुटा इम्पेलर मिळतो का? मिळत नसेल तर पंप स्वस्त असला तरी ठेवून द्या.

नोझल कोणतं

पातळ पडद्याची घंटा किंवा छत्री दिसायला सुंदर, पण वाऱ्याची झुळूक आली की फाटते. बारीक छिद्रांचे बहुमजली फवारे आठवड्यात बुजतात. मला आपल्याकडे सगळ्यात आवडतं ते फेसाळ नोझल: जाडसर, बुटकी, पांढरी धार, जी हवा सोबत घेऊन खाली पडते. वाऱ्यात टिकते, बुजत नाही आणि प्राणवायू भरपूर मिसळते. रात्री आवाज त्रास देत असेल तर धार आणखी बुटकी करा. पाणी जेवढं कमी उंचीवरून पडेल तेवढा आवाज कमी.

कमळं आणि कुमुदिनी असतील तर त्यांना फवाऱ्याच्या कक्षेबाहेर किमान दोन फूट ठेवा. पानांवर सतत पाणी पडलं की पानं काळी पडून कुजतात, आणि वाहत्या पाण्यात त्या फुलतही नाहीत. कमळं हवीत आणि कारंजंही हवं, तर कारंजं मधोमध ठेवायचा हट्ट सोडा आणि ते एका टोकाला घ्या.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही

हा भाग घाईत वाचू नका. पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र येतात तिथे एक ढिली जोडणीही जीव घेऊ शकते.

कारंज्याच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. नेहमीचा एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून वीज जात असताना तो पडेलच असं नाही. आरसीसीबी जाणारी आणि परत येणारी वीज सतत ताडून बघतो आणि वाटेत कुठे गळती झाली की क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. आरसीसीबी पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं आणि तोवर कारंजं बंद. घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची वायर कुठेच जोडलेली नसते, असं बऱ्याचदा आढळतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

बाहेरचं सॉकेट झाकणाचं, पावसाला तोंड देणारं, किमान आयपी५५चं घ्या आणि अंगणात आजवर पाणी जिथपर्यंत चढलं असेल त्याच्या चांगलं वर लावा. नवी मुंबईतला काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, होल्डिंग पाँड, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे तलाव, त्यासाठीच बांधलेले आहेत. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल सेक्टरांत अंगणात पाणी येतं. सॉकेटकडे जाणारी वायर आधी सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

आणि रोजचा नियम: पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पंप वायरीला धरून उचलायचा नाही, त्यासाठी नायलॉनची दोरी बांधून ठेवायची.

लहान मूल घरात असेल किंवा शेजारून येत असेल तर तळ्याला कुंपण हवं, किंवा पाण्याच्या दोन-तीन इंच खाली घट्ट बसवलेली मजबूत जाळी. कारंजं मुलांना ओढून घेतं. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं.

पाण्यात सोडताना

तरंगतं कारंजं बांधून ठेवलं नाही तर वाऱ्याने काठाला लागतं. तिथे ते पाणी बाहेर फेकत राहतं, तळं उतरतं, शेवटी पंप कोरडा फिरतो आणि जळतो. छोटी सौर कारंजी सगळ्यात जास्त अशीच मरतात.

तराफ्याला, म्हणजे कारंजं ज्यावर तरंगतं त्या भागाला, तीन बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्या बांधा. तीन शक्य नसतील तर समोरासमोर दोन. दुसरी टोकं काठावरच्या हुकाला किंवा तळातल्या विटेला. तळात प्लास्टिकचं अस्तर असेल तर विटेखाली जाड रबराचा तुकडा घाला, नाहीतर अस्तर कापलं जातं. दोरी ताठ नको. पावसाळ्यात पाणी वीतभर चढेल आणि मेमध्ये तेवढंच उतरेल, एवढी ढील ठेवा. विजेची वायर एका दोरीलाच दर फुटावर सैलसर बांधत काठापर्यंत आणा. मग पंप बुडवून आतली हवा निघेपर्यंत हलवा, आणि त्यानंतरच प्लग लावा. सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं तिथे थांबून बघा: थेंब बाहेर कुठे पडतात, तराफा कलतो का, कोपऱ्यात पाणी हलतं का.

टायमर लावून टाका. साधा २४ तासांचा यांत्रिक टायमर पुरतो. माझा सल्ला: पहाटे २ ते सकाळी ७, आणि शोभेसाठी संध्याकाळी दोन-तीन तास. कडक उन्हाळ्यात आणि मासे जास्त असतील तर रात्रभर. रात्री वीज गेली की हा सगळा बेत कोसळतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवा.

निगा

आठवड्यातून एकदा प्लग काढून तराफा काठाशी ओढा आणि पंपाची जाळी धुवा. नवी मुंबईच्या रस्त्यांकडेला सोनमोहर भरपूर आहे. त्याच्या पिवळ्या पाकळ्या पातळ असतात, भिजल्या की जाळीला चिकटून बसतात आणि पंपाची वाट अडते. येऊरकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ असते. त्या दिवसांत तळ्यावर बारीक जाळं ताणलं तर निम्मं काम वाचतं. पंपावर स्पंज असेल तर तो नळाखाली धुवू नका. बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन त्यात पिळा. माशांच्या विष्ठेतला अमोनिया निवळणारे जिवाणू त्या स्पंजात वाढतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. साबण तर कुठेच नको.

महिन्या-दोन महिन्यांनी इम्पेलर काढून साफ करायचा. नवखे याला घाबरतात, म्हणून नीट सांगतो. पंपाची पुढची जाळी काढली की एक गोल झाकण दिसतं. ते डावीकडे पाव फेरा फिरवलं की सुटतं. आत पात्यांचा छोटा चक्र, मागे काळा दंडगोल चुंबक, आणि मधून जाणारा पांढरा सिरॅमिकचा दांडा. पाती धरून सरळ बाहेर ओढा. चुंबकामुळे थोडा जोर लागतो. वाकडं ओढू नका, सिरॅमिकचा दांडा कडक असतो पण काचेसारखा तुटतो. चुंबकावर हिरवट-तपकिरी चिकट थर असेल, तो जुन्या टूथब्रशने निघतो. चुंबक बसतो त्या खाचेच्या आतही ब्रश किंवा कानात घालायची कापसाची काडी फिरवा. तिथेच केस, शेवाळाचे धागे अडकतात. पांढरा खरखरीत थर असेल तर तो क्षारांचा. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांकडे हा हमखास येतो. पंपाचे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा किराणा दुकानातलं लिंबूफूल घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. नोझलही त्याच पाण्यात टाका आणि छिद्रं टूथपिकने मोकळी करा. सुई वापरली तर छिद्र मोठं होतं आणि धार तिरकी उडते. परत बसवताना दांड्याच्या दोन्ही टोकांची रबरं जागेवर आहेत ना, ते बघा. ती हरवली की पंप खडखडतो.

पाणी हिरवं झालं तर कारंज्याला दोष देऊ नका. शेवाळ ऊन आणि खाद्य मिळालं की वाढतं. कारंजं ते मारत नाही. पृष्ठभागाचा निम्म्याच्या आसपास भाग पानांनी झाकू द्या, माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खायला द्या, गाळ काढा. जलपर्णी लावू नका, ती आवरत नाही.

पावसाळा

परदेशी पुस्तिकांमध्ये हिवाळ्यात कारंजं बाहेर काढा असं लिहिलेलं असतं, बर्फामुळे. आपल्याकडे ती चिंता नाही. आपली परीक्षा जूनपासून. ठाण्यात चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तळ्याला वरच्या कडेला पाणी निघून जायची वाट हवी आणि तिच्यावर जाळी, नाहीतर मासे गटारात. अंगणातली माती वाहून तळ्यात येऊ नये म्हणून काठ दोन-तीन इंच उंच असावा. गढूळ पाण्यात पंप चालवू नका, गाळ बसेपर्यंत थांबा. मात्र सलग ढगाळ दिवसांत पहाटेचा प्राणवायू आणखी घटतो, त्यामुळे पाऊस आहे म्हणून कारंजं महिनाभर बंद ठेवणंही चूक. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढा.

अंगणात बाहेरचं पाणी शिरलं असेल तर घराच्या मुख्य स्विचपासून बंद करा आणि तळ्याशी उघड्या पायांनी जाऊ नका. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. पायावर, हातावर जखम असेल तर गमबूट आणि हातमोजे घालूनच काम करा.

या दिवसांत बेडूक अंडी घालतात आणि पिल्लं पंपात ओढली जातात. जाळीवर आणखी एक बारीक जाळीची पिशवी चढवा. बेडकांमागे दिवड येऊ शकतो. तो बिनविषारी आहे, पण ओळखीत चूक होऊ शकते, म्हणून स्वतः पकडायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा.

भाद्रपदात घरच्या गणपतीचं विसर्जन तळ्यात करावंसं वाटतं. शाडूची माती विरघळून इम्पेलरमध्ये बसते आणि माशांच्या कल्ल्यांतही. विसर्जन वेगळ्या टबात करा आणि माती नंतर बागेत घाला.

डास

कारंजं आहे म्हणजे डास होणार नाहीत, हा समज घातक आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. कारंज्याने मधलं पाणी हलतं. कोपरे, पानांच्या मागची जागा, काठावरच्या कुंड्यांच्या बशा स्थिरच राहतात. तळ्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. महापालिकांचे हिवताप विभागही डास रोखायला तेच वापरतात. हे मासे जास्त झाले म्हणून उपवनात किंवा येऊरच्या ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या मूळ जीवांचं नुकसान होतं. बशा, बादल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा.

उन्हाळा आणि पाण्याची भर

मेमध्ये पाणी झपाट्याने उतरतं. आपल्या १० बाय ७ फुटांच्या तळ्यात एक इंच पाणी म्हणजे १६५ लिटर. पाणीकपातीच्या दिवसांत हे डोळ्यांवर येतं, आणि यायलाच हवं. फवारा बुटका करा, दुपारी बंद ठेवा. नळाचं पाणी पिंपात दिवसभर उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर, थोडं थोडं घाला. खाडीजवळच्या बोअरचं पाणी खारट लागत असेल तर घालूच नका. बाष्पीभवनात पाणी जातं, मीठ उरतं आणि साचत जातं.

पाणी गळतीने जातंय की बाष्पीभवनाने, हे ओळखायला कारंजं बंद करून एक बादली तळ्यातल्या पायरीवर ठेवा, तिच्यात तळ्याच्या पातळीएवढं पाणी भरा आणि दोन्हीकडे खूण करा. दुसऱ्या दिवशी तळ्याची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली असेल तर गळती आहे. दोन्ही सारख्याच उतरल्या, आणि तरी कारंजं सुरू असताना पाणी जास्त जात असेल, तर ते वाऱ्याने उडतंय.

बंद पडलं तर

क्रम ठरवून तपासा. आरसीसीबी पडला असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. प्लग काढून वर करा. तो टिकला तर दोष पंपात किंवा वायरीत आहे. तो पंप पुन्हा पाण्यात टाकायचा नाही. पंप गुरगुरतो पण पाणी येत नाही, म्हणजे इम्पेलर अडकलाय. आवाजही नाही, तर सॉकेट, टायमर, मग पंप. धार हळूहळू बारीक झाली असेल तर आधी जाळी, मग नोझल, शेवटी इम्पेलर. एकदम थांबून परत सुरू होत असेल तर पाण्याची पातळी बघा, पंप हवा ओढत असेल.

एक सुटा इम्पेलर, दांड्याची रबरं, जास्तीचं नोझल आणि दोरीचा तुकडा एका डब्यात घालून ठेवा. रविवारी रात्री पंप अडकला तर सोमवारी दुकान उघडेपर्यंत मासे थांबू शकत नाहीत.